दोराचे दुसरे टोक मालकाच्या हाती हवे

नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. आपल्या श्वासातल्या हवेत 78 टक्के तोच असतो, म्हणून त्याची कुणाला भीती वाटत नाही. पण कोंडलेल्या जागेत तो साठला की प्राणवायूची जागा घेतो. ठसका लागत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. काही बिघडले आहे हे कळायच्या आत माणूस कोसळतो. 21 ऑगस्ट 2025 रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या मेडली फार्मा कारखान्यात नायट्रोजनची गळती झाली आणि चार कामगारांचा जीव गेला. त्याआधी 11 जानेवारी 2020 रोजी बोईसरजवळच्या कोळवडे गावात, बांधकाम अपूर्ण असलेल्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जण मरण पावले. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी लागते, मदत जाहीर होते आणि चार दिवसांत बोलणे ‘कामगाराने काळजी घेतली नाही’ किंवा ‘ठेकेदाराचा हलगर्जीपणा’ यावर येऊन थांबते. जागा कुणाची, ती चालवतो कोण आणि त्याने काय करायला हवे होते, हा प्रश्न मागे पडतो. तो पहिल्या दिवशी, सगळ्यांत आधी विचारला गेला पाहिजे.

हा आग्रह नवा नाही, कायद्यातच आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून कामगारांच्या सुरक्षेचे सर्वसाधारण कर्तव्य भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असणाऱ्यावर टाकले गेले. कंपनीच्या बाबतीत तो संचालकांपैकीच एक असला पाहिजे, पगारी अधिकाऱ्याला पुढे करून चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात स्पष्ट केले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही कारखान्याच्या मालकाची जबाबदारी कायम ठेवली आहे. कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाखांचा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद तीत आहे. दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते.

पण पालघर-बोईसरच्या पट्ट्यात सगळे कारखाने स्वतःच्या भूखंडावर नाहीत. कितीतरी उद्योग भाड्याच्या गाळ्यांत चालतात. जागेचा मालक एक, गाळे अनेक. खाली पॅकिंग, वर प्लास्टिक, शेजारी रंगाचे पिंप. मधला जिना खोक्यांनी भरलेला, मीटरच्या पेटीतून लोंबणाऱ्या वायरी, मागच्या दाराला कुलूप. हा जिना कुणाचा? भाडेकरू म्हणतो मालकाचा, मालक म्हणतो वापरणाऱ्याचा. 1948 च्या कारखाने अधिनियमाने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले होते. एकाच आवारात वेगवेगळ्या भाडेकरूंचे कारखाने असतील, तर रस्ता, सांडपाणी, पाणी, दिवे, स्वच्छता या सामाईक सोयी मालकाने सांभाळायच्या. मजले भाड्याने दिले असतील, तर जिने, सामाईक वाटा, लिफ्ट आणि आगीपासूनचा बंदोबस्त यांसाठी तोच भोगवटादाराप्रमाणे जबाबदार होता. राज्याचा 2006 चा अग्निसुरक्षा कायदाही इमारतीच्या मालकाकडे किंवा भोगवटादाराकडेच बोट दाखवतो आणि आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत मागतो.

1948 च्या कायद्यातला ‘सांडपाणी’ हा शब्द पालघरजवळच्या माहीमकरांनी नीट वाचावा. पालघरच्या कारखान्यांकडून पाणेरी नदीत येणाऱ्या दूषित पाण्याविरुद्ध माहीम-वडराईचे मच्छीमार आणि बागायतदार वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. गाळ्यातला भाडेकरू बदलतो, कंपनीची पाटी बदलते, पण आवाराचे गटार आणि त्याचा मालक तेच राहतात. आवारातल्या गटारात काय सोडले जाते, याकडे जो मालक डोळेझाक करतो, तो गाळ्यात काय साठवले जाते हे तरी कशाला बघेल? आतल्या कामगाराची सुरक्षा आणि बाहेरच्या गावाचे पाणी, दोन्ही एकाच हातात आहेत.

‘रसायनातले आम्हाला काय कळते? आम्ही फक्त जागा देतो,’ असे मालक म्हणतील. रसायनशास्त्र कुणी मागितलेलेच नाही. इमारतीचे काय झाले आहे हे मालकाला कळते, एवढे पुरे. 2013 मध्ये बांगलादेशातल्या राणा प्लाझाच्या भिंतींना तडे गेल्यावर तळातली दुकाने आणि बँक बंद झाली, पण वरच्या शिवणकामाच्या कामगारांना दुसऱ्या दिवशी आत बोलावले गेले. इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. ते तडे पाहायला अभियंत्याची पदवी लागत नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एवढा खर्च लादला तर छोटे उद्योग बंद पडतील किंवा गुजरातेत वापीला जातील, ही भीती खोटी नाही; त्यावर इथली हजारो घरे चालतात. पण केंद्राचा कायदा वापीतही तोच आहे. आणि जिना मोकळा ठेवणे, मागचे कुलूप काढणे, वायरिंग तपासणे याने कुठला धंदा बुडतो? उलट मालकाने लक्ष ठेवण्याची गरज आता वाढली आहे. नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 ऐवजी 20 कामगारांपासून सुरू होते. म्हणजे कितीतरी छोटे गाळे ‘कारखाना’ या शब्दाबाहेर पडणार. तिथे निरीक्षक क्वचितच फिरकेल. दर महिन्याला भाडे घ्यायला मात्र मालक किंवा त्याचा माणूस येतोच. राहिला कामगाराच्या चुकीचा मुद्दा. माणूस चुकणारच, हे गृहीत धरूनच सुरक्षेचे नियम केलेले असतात.

म्हणून औद्योगिक विकास महामंडळाने आणि स्थानिक संस्थांनी पोटभाड्याला किंवा परवान्याला मंजुरी देताना आत काय साठवणार, किती माणसे काम करणार आणि आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडणार, हे मालकाच्या सहीने लिहून घ्यावे. तोच कागद मराठीत आणि हिंदीत दारावर लावावा आणि त्यावर मालकाचे व व्यवस्थापकाचे नाव असावे. विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत उतरणाऱ्या माणसाबद्दल जुन्या कायद्यात एक साधी तजवीज होती: टाकी सुरक्षित असल्याचा लेखी दाखला नसेल, तर त्याला श्वसनाचे साधन द्यायचे, कमरेला पट्टा बांधायचा आणि पट्ट्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या माणसाने धरून ठेवायचे. धरणाऱ्याला आतले रसायन कळायची गरज नाही. त्याने फक्त तिथून हलायचे नाही आणि हातातला दोर सोडायचा नाही. जागेच्या मालकाकडून मागणे आहे ते एवढेच.