आधी संडास, मग बेड!

परवा शनिवारी आमच्या अमरावती-अकोला गँगची पुण्यात मीटिंग झाली. अजेंडा एकच: कॅरॅव्हॅन. आम्ही चार जण, चारही इंजिनियर, त्यामुळे गाडीचा अजून पत्ता नाही पण एक्सेल शीट मात्र तयार! आपापल्या घरच्यांना घेऊन आळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस वऱ्हाड फिरायचं. बहिरमची जत्रा, चिखलदरा, नरनाळा, शेगाव, लोणार. हॉटेल नाही, लॉज नाही, गाडीतच मुक्काम. पहिला नंबर आमच्या घरचा. आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी.

आयडिया झकास आहे. घोडं अडलं ते फ्लोअर प्लॅनवर.

झालं असं की गेले दोन महिने सगळे रात्र रात्र जागून अमेरिकेतल्या फिफ्थ व्हील ट्रेलरचे व्हिडिओ बघताहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिकअपच्या हौद्यात कपलिंग बसवायचं आणि त्यावर तीस-पस्तीस फुटी ट्रेलर टेकवून ओढायचा. आपल्या हायवेवर कंटेनरचा ट्रेलर ज्या गोल प्लेटवर टेकलेला असतो ना, तेच हे पाचवं चाक. पुढे उंचावर बेडरूम, मध्ये बाथरूम, मागे हॉल, आणि बटण दाबलं की भिंतच बाहेर सरकते. बघायला भारी वाटतं. पण तो ट्रेलर परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात घालून दाखवा, पहिल्याच वळणावर दोन्ही बाजूंची वाहतूक तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल.

म्हणून आम्ही जमिनीवर आलो. ट्रॅव्हलरसारखी गाडी. टेपने मोजली तर ड्रायव्हरच्या मागे साधारण दहा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद, म्हणजे 55 चौरस फूट. गाडी बदलली, डोक्यातला प्लॅन मात्र अमेरिकेतलाच राहिला. मागे आडवा, पक्का डबल बेड. मग फ्रिज, ओटा, टेबल, टीव्ही. आणि शीटच्या तेविसाव्या ओळीत: टॉयलेट, ऑप्शनल.

मी म्हटलं, हे ऑप्शनल कसं काय?

"संडास कायले पाहिजे बे गाडीत? जागोजागी पंप आहे. नाही तं वावर आहेच!"

सगळे हसले. खरं सांगतो, सवयीने मीही हसलो. आणि घरी येताना रस्ताभर स्वतःचाच राग येत राहिला.

कारण मला आठवली आईची पाण्याची बाटली. प्रवासाला निघताना आई एक लिटरची बाटली भरून घेते आणि पोचल्यावर ती जवळपास भरलेलीच असते. लहानपणी वाटायचं, हिला तहानच कमी. गेल्या वर्षी मे महिन्यात लग्नासाठी आम्ही गाडीने निघालो. अकोल्याचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर. वाटेत एका पंपावर थांबलो, तिथल्या संडासाला कुलूप. किल्लीवाला जेवायला गेलेला. पुढच्या ढाब्यावर दार होतं, कडी नव्हती. आई काही न बोलता परत येऊन बसली. दिवसभरात दोन घोट पाणी. तिसऱ्या दिवशी थंडी-ताप, युरिन इन्फेक्शन, सलाइन. डॉक्टरांनी विचारलं, पाणी का पीत नाही? आई माझ्याकडे बघून नुसती हसली. ते हसू काही माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून तिचं एकच पालुपद: "तुमीच जा बाप्पा. मले नाई जमत आता फिरणं." हिला फिरायला आवडत नाही असा सोयीस्कर अर्थ आम्ही सगळ्यांनी काढून टाकलाय. अरे, आवडत नाही कशाला? कडी लागणारं दार नाही म्हणून ती येत नाही!

आता कोणी म्हणेल, आपल्या बापजाद्यांनी नाही केलं कॅम्पिंग? केलं ना. बहिरमची जत्रा म्हणजे दुसरं काय? सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भरणारी. माणसं बैलगाड्या जुंपून यायची, राहुट्या ठोकायची, गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, मटणाची हंडी शिजायची. दमणीत खाली तणस, वर सतरंजी, स्वयंपाक बाहेर, झोपायला आभाळ. आमचे आजोबा या आठवणी रंगवून सांगायचे. आजी मात्र गप्प. एकदाच म्हणाली होती, की जत्रेत तिला रोज सगळ्यांच्या आधी, अंधारातच उठावं लागायचं. का, ते मला आत्ता कळतंय. म्हणजे एकाच जत्रेत आजोबांच्या वाट्याला चांदणं आलं आणि आजीच्या वाट्याला अंधार. त्यामुळे "वावर आहेच" हे वाक्य कोणी परंपरेच्या नावाने खपवू नये.

आणि रस्त्यांचं म्हणाल तर जून 2022 मध्ये आपल्याच अमरावती-अकोला हायवेवर 75 किलोमीटरच्या एका लेनचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं. गिनीज रेकॉर्ड! मलाही अभिमान वाटला, स्टेटस ठेवलं होतं. पण इतका वेगाने रस्ता करू शकणारी माणसं आपण, आणि कडी लागणाऱ्या दाराचा विषय निघाला की एकदम ऑप्शनल?

गंमत म्हणजे हा नुसता आमच्या शीटचा दोष नाही. आपल्या मोटार वाहन नियमांमध्ये मोटर कॅरॅव्हॅनची व्याख्या आहे. त्यात किमान काय हवं? आसनं आणि टेबल, आसनांपासून होणारी झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय. बस्स. संडास त्या किमान यादीत नाहीच! महाराष्ट्राच्या 2021 च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणात तो आला, हे चांगलंच झालं. पण फ्लोअर प्लॅन धोरणात ठरत नाही, तो आपल्या डोक्यात ठरतो. आणि आपल्या डोक्यात घर म्हणजे आधी बेड, मग किचन, आणि उरलीच जागा तर कोपऱ्यात "ते".

जागा नाही म्हणता? चला, हिशोब करू. आडवा पक्का बेड, साडेपाच बाय साडेचार: जवळपास 25 चौरस फूट. म्हणजे 45 टक्के गाडी, जी दिवसभर गाद्या वाहण्यापलीकडे काहीही करत नाही. संडास अडीच बाय तीन: साडेसात चौरस फूट, साडेतेरा टक्के. आता सांगा, जागा कोण खातंय?

बेडचा प्रश्न तर आपल्या रेल्वेने केव्हाच सोडवलाय. दिवसा बसा, रात्री फळी उघडा. समोरासमोर दोन आसनं, मधलं टेबल खाली उतरलं की साडेतीन फुटी बेड. त्यावर आई-बाबा. वर घडीची एक बर्थ, ती बहिणीला. मी? मी बाहेर तंबूत. हौस माझीच आहे ना, मग थंडी मी खाईन. शेगडी सरकत्या दाराशी, बाहेर उभं राहून वापरता येईल अशी. आपल्या फोडणीत त्या 55 चौरस फुटांत झोपून दाखवावं कोणीतरी! पाण्याची टाकी खाली, दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये. 80 लिटर म्हणजे 80 किलो, ते छताला टांगायचं नसतं. आणि संडास मागच्या कोपऱ्यात, कॅसेटवाला. त्याची टाकी साधारण 18-20 लिटरची असते, बाहेरून काढता येते आणि कुठल्याही साध्या संडासात रिकामी करता येते.

प्लॅन पास की नापास, याची माझी टेस्ट एकच. रात्रीचे दोन वाजलेत, सगळे बेड उघडलेले आहेत, सगळे झोपलेत. आई कोणालाही न उठवता, कोणाच्या अंगावरून न जाता तिथे पोचली पाहिजे आणि आतून कडी लावता आली पाहिजे. दीड फुटाची वाट मोकळी राहिली तर पास. अमेरिकेतले जाणकारही ट्रेलर घेताना हेच बघायला सांगतात: सरकत्या भिंती आत असताना बाथरूमपर्यंत जाता येतं का? तिकडचं कॉपी करायचंच असेल तर हे करा ना!

(आणि हो, जुनी गाडी घेऊन सुताराकडून फळ्या ठोकून घेऊ, हे डोक्यातून काढा. मूळ बांधणीत मनमानी बदल चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय. कॅरॅव्हॅन म्हणून रीतसर नोंदलेली गाडीच बघा, भाड्याने का होईना.)

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. जागेचा मुद्दा कोणालाच खोडता आला नाही. मग खरा मुद्दा बाहेर आला: "ते रिकामं कोण करणार?"

आत्ता कसं बोललात! प्रश्न साडेसात फुटांचा नव्हताच. प्रश्न हात लावण्याचा होता. आईने ताप काढलेला चालतो, पण आपल्या हाताला वास नको. मित्रांनो, आपण गाडगेबाबांच्या जिल्ह्यातली माणसं. त्यांचा जन्म शेंडगावचा, समाधी अमरावतीत. गावात गेले की आधी खराटा, मग कीर्तन. माझ्या डिग्रीवरच्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. ती डिग्री भिंतीवर मिरवायची आणि आपल्याच आईचा संडास रिकामा करायला लाजायचं?

मी करणार. तेविसावी ओळ उचलून पहिल्या नंबरवर टाकलीय, तिच्यासमोर माझं नाव लिहिलंय आणि शीट लॉक केलीय. ज्याला पक्का बेड हवा, त्याने आपल्या ट्रिपला दुसरी गाडी बघावी.

काल रात्री आईला फोनवर सगळा प्लॅन सांगितला. लोणार सांगितलं, बहिरम सांगितलं, ती नुसती हं हं करत होती. मग कडीचं सांगितलं. जरा वेळ शांतता. मग म्हणाली,

"थंडी असीन ना रे तवा? स्वेटर काढून ठेवतो मी."