दार लावून आत्मोन्नती

आत्मोन्नती हा शब्द मला अलीकडे सहन होईनासा झाला आहे. शब्दाचा त्यात काही दोष नाही. चांगल्या घरातला, पुष्कळ पावसाळे पाहिलेला शब्द आहे. पण चांगल्या घरातला मुलगा वाईट संगतीला लागावा तशी त्याची गत झाली आहे, आणि दिवाळीच्या सुमारास तर त्याचा उपद्रव फारच वाढतो. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून मोबाइल हातात घ्यावा, तो पंचवीस जणांनी पंचवीस प्रकारे कळवलेले असते की, बाहेरच्या दिव्यांचे काही खरे नाही, अंतरीचा दिवा पेटवा. अंतरीच्या दिव्याला माझी ना नाही. पण आमच्या जिन्यावरचा दिवा गणपतीपासून गेला आहे, आणि या पंचवीसांपैकी निदान नऊजण रोज रात्री त्याच अंधारातून, हातातल्या मोबाइलच्या उजेडात पायरी चाचपत, वर जातात.

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहतो. पूर्वी वाडा होता. आता त्या जागी पाच मजली इमारत आहे. आमच्या पेठेत वर्ष एकदा सुरू होऊन भागत नाही. बलिप्रतिपदेला व्यापारी वह्या पुजतात ते एक नवे वर्ष, पहिल्या जानेवारीला दुसरे, आणि चैत्रात गुढी उभारून कडुनिंबाची पाने चावताना तिसरे. त्यामुळे संकल्प करण्याची वर्षातून तीनदा सोय आहे, आणि मोडण्याचीही. थंडी पडली की टेकड्या गजबजतात. डिसेंबरात नवे बूट येतात, जानेवारीत व्यायामशाळेची वर्षाची फी भरली जाते, आणि होळीपर्यंत ते बूट चपलांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसतात. यात कोणाचे नुकसान नाही. माणसाने स्वतःला थोडे फसवावे, त्याशिवाय थंडीत पहाटे उठवत नाही.

त्याआधी आमच्याकडे आत्मसुधारणेचा हंगाम पावसाळ्यात असे. कांदेनवमीला भज्यांवर यथेच्छ ताव मारून घ्यायचा, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करायचे. माझी आजी चातुर्मासात दर वर्षी एखादा नेम धरी. एका वर्षी तिने मीठ सोडले होते आणि त्या चार महिन्यांत घरातल्या सर्वांनाच आमटी अळणी लागली. मी स्वतः नेमधर्माचा माणूस नाही. पण त्या नेमाला एक शेवट असे. त्याला उद्यापन म्हणत, आणि उद्यापन एकट्याने करता येत नसे. सोडलेली वस्तू कोणाला तरी द्यावी लागे, कोणाला तरी पानावर बसवून जेवू घालावे लागे. ते देणे आपल्या जातीच्या उंबऱ्याबाहेर क्वचितच जाई, हेही सांगून टाकतो, नाहीतर मी जुन्याची आरती ओवाळतो आहे असे कोणाला वाटायचे. माझे म्हणणे एवढेच की, मी स्वतःला काय लावून घेतले याचा हिशेब शेवटी दुसऱ्याच्या पानात पडायचा. आता नेम उरला आहे आणि उद्यापन गेले आहे.

त्याच्या जागी आले आहे मनगटावरचे यंत्र. ते पावले मोजते आणि दिवसाची दहा हजार भरली की थरथरून शाबासकी देते. हा दहा हजारांचा आकडा कोणा धन्वंतरीने नाडी पाहून ठरवला असावा अशी पुष्कळांची समजूत दिसते. तो आला जपानातून. टोकियोच्या १९६४ सालच्या ऑलिंपिकनंतर तिकडे व्यायामाची हौस वाढली आणि १९६५ मध्ये एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले. त्याचे नावच मुळी ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते. आकडा गोल, लक्षात राहायला सोपा, विकायला बरा. चालणे प्रकृतीला हितकर आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद त्या शाबासकीशी आहे. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढतात आणि तो पराक्रम छायाचित्रासह सर्वांना कळवतात. गेल्या पावसाळ्यात लिफ्ट चार दिवस बंद होती. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचे दूध आणि औषधे ते चारही दिवस वर नेऊन दिली ती घरकामाला येणाऱ्या एका मावशींनी. त्या राहतात जनता वसाहतीत, म्हणजे त्याच पर्वतीच्या उतारावर. पाच घरची धुणीभांडी करतात, पायी येतात, पायी जातात. त्यांच्या पावलांची नोंद कोणत्याही मनगटावर होत नाही. कोणी त्यांना आत्मोन्नतीचा मार्ग विचारलेलाही मी ऐकला नाही.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो तिकडे वळतो.

आमच्या तळमजल्यावर, जिन्याच्या बगलेला, दहा बाय बाराची एक खोली आहे. तीत दोन बाकडी, एक टेबल आणि कोणी कोणी घर आवरताना आणून टाकलेल्या पुस्तकांचे एक कपाट आहे. सोसायटीच्या खर्चाने दोन वर्तमानपत्रे येतात. सकाळी आम्ही सहासात म्हातारे त्यांची पाने वाटून घेऊन वाचतो. अग्रलेख एकाकडे आणि मृत्युवार्ता दुसऱ्याकडे, अशी ठरलेली वाटणी आहे. दुपारी एकच्या सुमारास कामाच्या बायका तिथे डबे सोडतात, कारण ज्या घरांत त्या सकाळपासून राबतात तिथे त्यांना बसायला पाट मिळत नाही. रात्री वॉचमनचा मुलगा टेबलाशी अभ्यास करतो. तो यंदा दहावीला आहे. एवढीशी खोली, पण साऱ्या इमारतीत जिथे एका वर्गाचा माणूस दुसऱ्या वर्गाच्या माणसाच्या बाकड्यावर बसतो अशी ती एकच जागा आहे.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते, म्हणून आमच्याकडे ती होते. गणसंख्या भरत नाही, म्हणून अर्धा तास तहकूब होते. सगळ्यांना हे ठाऊक असते, म्हणून सगळे अर्धा तास उशिराच येतात. यंदाच्या सभेत एक ठराव आला. सदर खोली ‘सभासदांच्या आत्मविकासार्थ’ ध्यान व योगासने यांसाठी राखून ठेवावी. तीत लाकडी भासणारी जमीन, एका भिंतीवर आरसा आणि वातानुकूलन यंत्र बसवावे. वर्तमानपत्रे बंद करावी, कारण ती आता मोबाइलवर वाचता येतात. आणि ‘बाहेरील व्यक्तींना’ प्रवेश नसावा. ध्यानाला आरसा कशाला, असे मी विचारले. उत्तर मिळाले नाही. बाहेरील व्यक्ती म्हणजे कोण, असे विचारले.

“काका, तुम्ही उगाच फाटे फोडता.”

“मग त्या बायकांनी डबा कुठे खायचा?”

“पार्किंगमध्ये पुष्कळ जागा आहे की.”

हे उत्तर देणारी व्यक्ती दुष्ट नाही. चांगली शिकलेली आहे, रोज पहाटे पाचला उठते, क्षमा आणि करुणा या विषयांवरची व्याख्याने कानात घालून टेकडीवर जाते. म्हणूनच मला राग आला. करुणेवर पंधरा मिनिटे चित्त एकाग्र करता यावे, यासाठी जेवणाऱ्या बाईला उठवून दोन मोटारींच्या मध्ये बसवायचे, आणि त्यात काही विसंगत आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही येऊ नये! जी आत्मोन्नती शेजारच्या माणसाला बाहेरील व्यक्ती ठरवून सुरू होते, तिला मी वेगळे नाव देतो. ती चैन आहे. चैन करायलाही माझी हरकत नाही. पण ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने करावी.

या साऱ्या खटाटोपाचे बीज इंग्रजांच्या देशात शोधण्याची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून तिकडचीच एक गोष्ट सांगतो. सॅम्युअल स्माइल्सचे ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक १८५९ साली निघाले. स्वावलंबनाचे आणि आत्मसुधारणेचे ते आद्य पुराण. पण त्याच्या प्रस्तावनेत काय आहे? लीड्स शहरातल्या दोनतीन अगदी गरीब तरुणांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून, ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवायचे ठरवले. एकाच्या राहत्या खोलीत ते जमू लागले. माणसे वाढली, उन्हाळा आला, तेव्हा बागेत बसू लागले. पावसाची सर आली की पाट्यांवरची गणिते धुऊन जात. पुन्हा थंडी जवळ आली आणि जागेची अडचण पडली. तेव्हा त्यांनी भाड्याने घेतली ती कॉलऱ्याच्या साथीत तात्पुरते इस्पितळ म्हणून वापरलेली एक कळकट खोली. भीतीने तिच्याकडे कोणी फिरकत नव्हते. या पोरांनी तीत दिवे लावले, बाकडी मांडली आणि वर्ग सुरू केले. त्यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानांतून ते पुस्तक झाले. म्हणजे ज्या शब्दाच्या जोरावर आज जो तो आपल्या दाराला कडी लावतो, तो शब्द जन्मला तोच मुळी कोणी न घेतलेल्या एका सार्वजनिक खोलीत, बाकड्यांवर.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? पुण्यातले नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. भर उन्हाळ्यात लोक घरे सोडून एकत्र बसून ऐकत. माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासाच्या आत जोतीराव फुल्यांचा वाडा आहे. तिथे जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली, दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांनाही स्वतःची उन्नती करून घेता आली असती. वाचनाची आवड होती, व्यायामाने कमावलेले शरीर होते. पण त्यांनी आपल्या मालकीचे पाणी दुसऱ्याला मोकळे केले. आम्ही मात्र सामाईक मालकीची खोली चौघांपुरती बंद करायला निघालो आहो. ‘घरकामाला येणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये’ अशा पाट्या मी याच शहरात वाचल्या आहेत. आमच्याकडे तशी पाटी नाही. पाटीचे काम नजरेवर भागते.

कोणी म्हणेल, माणूस आधी स्वतः सुधारावा, म्हणजे समाज आपोआप सुधारतो. हे ‘आपोआप’ मी गेली तीस वर्षे या इमारतीत राहून शोधतो आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा, असे नियमात २०१६ साली लिहिले गेले. तरी दिवाळीच्या साफसफाईत घरोघरची जाजमे, फुटकी भांडी आणि मागल्या वर्षीचे आकाशकंदील एकाच पोत्यात कोंबून कोपऱ्यावर नेऊन ठेवणारे लोक तेच आहेत, ज्यांची मने रोज सकाळी निर्मळ होतात. ते पोते उपसते ती बाई वेगळी. गाडगेबाबा १९५६ साली गेले. कोणत्याही गावी गेले की ते दिवसा हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करीत. हा क्रम त्यांनी उलटा केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप थोडा वजनदार आहे. जुन्या वाड्यांतून शेजारधर्माच्या नावाखाली जी नाक खुपसण्याची चाल होती, नळावरची भांडणे होती, सोवळेओवळे होते, ते काय फार चांगले होते? नव्हते. तरुण मुलीला खिडकीत उभे राहण्याची चोरी होती. दार लावून घेण्याचा हक्क माणसाने मोठ्या कष्टाने मिळवला आहे आणि तो मला हवा आहे. प्रत्येकाने आपल्या घरी डोळे मिटून हवे तितके बसावे. पण तळमजल्याच्या खोलीला तो नियम लागू करू नये. तिला बावीस घरांनी वर्गणी दिली आहे आणि त्या बावीस घरांची भांडी घासणाऱ्यांनी तिला वापरून जिवंत ठेवले आहे.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी विशेष सभा ठेवली आहे. मी चिटणिसांकडे लेखी हरकत दिली आहे. खोलीला रंग द्यावा. पंखा हळू फिरत नाही आणि जोरात फिरवला तर ओरडतो, तो दुरुस्त करावा. हात धुण्यासाठी बाहेर एक नळ काढावा. ज्यांना आसने करायची असतील त्यांनी सकाळी सहा ते सात सतरंजी अंथरावी, सातला उचलावी. बाकडी बाजूला सरकवून द्यायला मी येईन. वर्तमानपत्रे चालू राहावी. आणि वॉचमनच्या मुलाची भूमितीची वही व कंपासपेटी टेबलाच्या खणात असते. कुलूप बदलायचेच ठरले, तर निदान त्याला आदल्या दिवशी सांगावे.