पिंपाआड न लपणारी टकिला
घोट-घोट | घुटकेकर

टकिला म्हटलं की आपल्याकडे अजून हातावर मीठ, दातांत लिंबाची फोड आणि एका दमात रिकामा केलेला चिमुकला ग्लास. एवढा खटाटोप दारूची चव लागू नये म्हणूनच असतो, आणि आपल्या बारमध्ये वर्षानुवर्षं जी टकिला मिळाली तिला तो साजेसाच होता. मेक्सिकोच्या नियमानुसार टकिलातली निदान ५१ टक्के साखर निळ्या अगावेची, म्हणजे आपल्या घायपाताच्या भावंडाची हवी. उरलेली उसाची असली तरी चालते. बाटलीवर ‘शंभर टक्के अगावे’ असं छापलेलं नसेल तर ती मिश्र टकिला समजा. तिच्याबरोबर खुशाल मीठ चाटा.

या वेळी विषय आहे तो ‘ब्लांको’चा, म्हणजे पिंपात न मुरवलेल्या किंवा फार तर दोन महिन्यांच्या आत बाटलीत भरलेल्या टकिलाचा. रेपोसादो दोन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत लाकडात राहते, अन्येहो एक ते तीन वर्षं. लाकूड व्हॅनिला देतं, जळक्या साखरेचा वास देतं आणि कारखान्याची बरीच पापं पोटात घालतं. ब्लांकोला ही सोय नाही. कंद पुरता पिकला होता का, तो भट्टीत सावकाश शिजला की वाफेच्या दाबाखाली घाईघाईनं उरकला, हे सगळं पहिल्या दोन घोटांत उघडं पडतं. म्हणून एखाद्या डिस्टिलरीची पारख करायची झाली तर मी तिची महागडी अन्येहो बाजूला ठेवतो आणि ब्लांको मागतो.

परवा हा प्रयोग आवडीत झाला. चेन्नईच्या पश्चिमेचं हे गाव रणगाड्यांचं. विजयंता, अजेय, अर्जुन इथल्या कारखान्यातून बाहेर पडले. अंबरनाथ, देहू रोड, वरणगाव अशा ठिकाणांहून बदलून आलेली मराठी माणसं इथे भेटतात; यजमान त्यांतलेच. मराठी माणसाला आवडी ऐकून माहीत असते ती १९५५च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव इथेच झाला. त्या ठरावाचं पुढे काय झालं ते अर्थतज्ज्ञांनी सांगावं. दारूपुरता मात्र तमिळनाडूत समाजवाद पूर्ण आला आहे. २००३पासून किरकोळ विक्री सरकारी ‘टास्मॅक’च्याच हातात आहे, आणि ताडी १९८७पासून बंद. गावठी ताज्या पेयाला मनाई आणि मळीच्या ब्रँडीला सरकारी काउंटर, हा न्याय मला कधी कळलेला नाही.

यजमानांच्या मुलानं विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीमधून दोन ब्लांको आणल्या होत्या, दोन्ही शंभर टक्के अगावेच्या. पहिली अडचण आवडीच्या उकाड्याची. खोलीच्या तापमानाला ठेवलेली बाटली उघडली की नाकाला नुसती स्पिरिटची झोंबणी लागते. मुलगा फ्रीझरकडे निघाला होता, त्याला थांबवलं. गोठवलेली दारू चांगली की वाईट हे कुणालाच कळत नाही. बादलीभर पाण्यात बाटल्या वीस मिनिटं उभ्या केल्या आणि वाईनच्या ग्लासात बोटभर ओतल्या.

पहिलीला शिजलेल्या रताळ्याचा वास होता, मागे मिरी आणि लिंबाच्या सालीचा कडवटपणा. घशाखाली उतरल्यावर जिभेच्या कडांना तिखटपणा राहिला. चार थेंब पाणी घातल्यावर ती अधिक हिरवी झाली, ओल्या मातीकडे झुकली. दुसरी गोड, गुळगुळीत. सगळ्यांना तीच आवडली. मला तिचा संशय आला, कारण तिला व्हॅनिलाचा वास होता. लाकूड न पाहिलेल्या दारूत व्हॅनिला येणार कुठून? थोडी तळहातावर घेऊन चोळली. अल्कोहोल उडून गेल्यावर पहिलीचा कंद हाताला लागून राहिला, दुसरीचा केकच्या दुकानातला वास उरला. माझ्या लेखी निकाल तिथेच लागला.

तरी कॉकटेलची परीक्षा व्हायलाच हवी. त्यासाठी ज्यात दारूला लपायला जागा नाही असं मिश्रण हवं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘टॉमीज’ची मार्गारीटा त्याला उत्तम: संत्र्याचं लिकर नाही, फक्त टकिला, लिंबू आणि अगावेचा पाक. ६० मिली टकिलाला ३० मिली रस आणि १५ मिली पाक हे माझं प्रमाण; आपलं कागदी लिंबू फार आंबट, म्हणून रस २५वर आणला. अगावेचा पाक नव्हता, साखरेचा केला. पहिली टकिला लिंबामागून पुन्हा वर आली, मिरीसकट. दुसरीचं छान सरबत झालं. मग कुणीतरी दोन्ही टकिलांत तमिळनाडूचा लाडका पन्नीर सोडा ओतला. गुलाबाच्या त्या वासापुढे दोन्ही बाटल्या सारख्याच झाल्या आणि बैठक एकदम खूश झाली. बेत पार्टीचा असेल तर महागडी ब्लांको आणूच नये, एवढं त्यातून सिद्ध झालं.

आवडीवरून जाणारा तिरुपती रस्ता धरला आणि तिरुत्तणीहून वळलं की दोन-तीन तासांत आंध्रचा चित्तूर भाग लागतो. तिथे मद्रास आयआयटीत शिकलेल्या डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या माळावरच्या अगावे अमेरिकाना या घायपातापासून दारू गाळली आणि २०११मध्ये ती गोव्यात विकायला आणली. जात वेगळी, देश वेगळा, त्यामुळे तिला टकिला म्हणता येत नाही, म्हणूही नये. फेणीनं २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं ते असल्याच उसन्या नावांपासून वाचायला. पण प्रत्येक राज्याचा अबकारी परवाना वेगळा, कर वेगळा. चित्तूरच्या मातीतली ही दारू मी प्यायलो ती मडगावात. नुसती घेतली तर ती मेक्सिकन ब्लांकोइतकी गोल नाही. गोडवा कमी, कच्च्या हिरव्या देठाची चव जास्त, शेवट जरा लवकर येतो. लिंबूपाकात मात्र तो हिरवेपणाच कामाला येतो. आवडीतल्या त्या केकवाल्या बाटलीशेजारी ठेवली असती, तर मार्गारीटासाठी मी हीच उचलली असती.