मावशींची सुट्टी आणि आईचा राग

मुलांना दयाळूपणा शिकवायचे तक्ते हल्ली फ्रिजवर चिकटवलेले दिसतात. सोमवारी कुणाचं तरी कौतुक करा, मंगळवारी पक्ष्यांना पाणी ठेवा, बुधवारी आजीला मिठी मारा. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक, आणि त्याचा फोटो स्टेटसला. पक्ष्यांना पाणी जरूर ठेवा. पण घराला माणुसकीची सवय आहे की नाही, हे माझ्या मते एकाच ठिकाणी कळतं : कामाच्या मावशींनी सुट्टी मागितली की त्या घरात काय होतं?

काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. सकाळी सातला फोन येतो, "ताई, आज जमणार नाही, पोराला ताप आहे." आई फोन ठेवते आणि म्हणते, "पाहुणे यायचे असले की बरोबर यांच्याकडे ताप येतो." बाबा मोबाइलमधून मान वर न करता म्हणतात, "दुसरी बघ." कमावता मुलगा हेडफोन लावून मीटिंगला बसतो. आणि शेजारी दूध पिणारं आठ वर्षांचं पोर सगळं ऐकत असतं. त्याचा दयाळूपणाचा तास तिथे झालेला असतो, तक्त्यावर नाही.

मावशींचा वेगळा कप हा तर जुनाच विषय. अस्पृश्यता राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने बंद झाली, बाबा आढावांनी १९७०च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' चळवळ चालवली, आणि ओट्याच्या कोपऱ्यातला तो स्टीलचा कप 'हायजीन' नावाने अजून टिकून आहे. घरातले बाकीचे सगळे कप त्याच हातांनी धुतलेले असतात, याचं कुणाला काही वाटत नाही. २०१८ साली ॲलेक्सात लहान मुलांसाठी 'प्लीज' म्हटलं की शाबासकी देणारी सोय आली. स्पीकरशी आदबीने बोलणारं पोर दार उघडून आत ओरडतं, "आई, भांडेवाली आली!"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आजारपणाची रजा टाकायला मला दोन क्लिक पुरतात. माझ्यावाचून काम अडू नये म्हणून बॅकअप ठरलेला असतो. एक माणूस एक दिवस आला नाही आणि सगळं कोसळलं, तर आम्ही त्या माणसाला दोष देत नाही, रचना चुकली म्हणतो. हीच अक्कल घरी येताना लॅपटॉपच्या बॅगेत कशी काय बंद होते?

कारण घरातला बॅकअप ठरलेलाच असतो : आई. सरकारच्या २०२४च्या टाइम यूज सर्व्हेनुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्यांमध्ये बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. मावशींच्या सुट्टीचा दिवस यातल्या कुठल्या आकड्यात जमा होतो, ते सांगायला नको. आईचा राग मावशींवर निघतो, पण तो तयार होतो सोफ्यावर बसलेल्या पुरुषांमुळे. आणि मग हेच पुरुष, "जाऊ दे गं, गरीब आहे बिचारी," म्हणून मोठेपणाही घेतात. दुसऱ्याच्या कमरेवर केलेला हा दयाळूपणा फार स्वस्तात पडतो.

"पण त्या खाडे फार करतात." हे वाक्य येणार, म्हणून आधीच बोलतो. रजा ठरलेलीच नसेल तर प्रत्येक रजा खाडाच होणार. पुण्यात १९८० साली घरकामगार बायकांनी संप केला, तेव्हा पगारवाढीबरोबर पगारी रजेचीही मागणी होती. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली आला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११चा करार सांगतो, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. ठीक आहे, दिल्लीने सही केली नसेल. आपल्या स्वयंपाकघरात रविवार द्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आमच्या घरी आम्ही चौघे. आता रविवार पक्का सुट्टीचा, शिवाय महिन्याला दोन दिवस, पगार न कापता. त्या दिवशी भांडी, केर आणि बाथरूम बाबा, भाऊ आणि मी वाटून घेतो. आईचं नाव यादीत नाही, ही पहिली अट. दुसरी अट, प्रत्येकाने आपलं ताट रोजच विसळून ठेवायचं. वाळलेला भात नखाने खरवडायला लागला की कळतं का ते. भावाने पहिल्याच आठवड्यात डिशवॉशरचा विषय काढला. घ्यायला हरकत नाही, पण करपलेली कढई त्याच्याही आधी कुणीतरी घासावीच लागते.

परवा सातला फोन आला तेव्हा आई म्हणाली, "डॉक्टरांना दाखवलं का? उद्याही नका येऊ मग." तिचा स्वभाव काही बदललेला नाही, ती पूर्वीही अशीच होती. फक्त त्या दिवशीची भांडी तिच्या वाट्याला नव्हती.

पगारावरून मात्र भांडण चालू आहे. दिवाळीपासून मी हजार रुपये वाढवा म्हणतोय. बाबांचं म्हणणं, अशाने बिल्डिंगमधला रेट बिघडतो, लोक नावं ठेवतील. बिघडू द्या, असं माझं म्हणणं आहे.