अठराव्या वाढदिवसाआधीचे कागद

अपंग मुलाच्या घरी शाळा आणि थेरपी यांची चर्चा रोज होते. पालकत्वाच्या कागदाची मात्र क्वचितच. मूल 18 वर्षांचे झाले की आई-वडील त्याचे कायदेशीर पालक आपोआप राहत नाहीत. बँकेत खाते उघडायला गेल्यावरच अनेकांना हे कळते.

यावरची तरतूद जुनी आहे. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्ह्यातील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तिच्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. याच न्यासाची ‘निरामय’ योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा देते, तोही आधी वैद्यकीय तपासणी न करता. खासगी विमा कंपन्यांचे उंबरे झिजवलेल्या पालकांना याचे मोल वेगळे सांगायला नको!

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. दुसरीकडे, अपंग आश्रिताच्या खर्चावर मिळणारी कलम 80डीडीची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. हे अन्यायाचे आहे.

यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचे ओळखपत्र, देतानाच पालकत्वाचा अर्ज आणि ‘निरामय’ची माहिती पालकांच्या हाती का ठेवू नये? अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात त्यांना यावेच लागते. तिथेच एक टेबल मांडले तरी पुष्कळ हेलपाटे वाचतील.