गडकऱ्यांची अर्धी नाटकं

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, तेव्हा ते अवघे ३३ वर्षांचे होते. क्षयाने शरीर पोखरलं होतं, तरी ‘भावबंधन’ हे नाटक त्यांनी शेवटपर्यंत नेलं. ते गेल्यावर महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारीला गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. त्यातल्या तळीरामाला रंगभूमीने डोक्यावर घेतलं, पण त्याला मिळालेली एकही टाळी त्याच्या लेखकाने ऐकली नाही.

मागे दोन नाटकं अर्धी राहिली. ‘वेड्यांचा बाजार’ हे विनोदी आणि ‘राजसंन्यास’ हे संभाजी महाराजांवरचं. आणि कागदावर न उतरलेलं किती असेल! गडकरी बोलायला बसले की बैठक हलत नसे. नट चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र वाचताना तो काळ, ती बिऱ्हाडं, नाटक मिळावं म्हणून लेखकाची मनधरणी करणाऱ्या मंडळ्या, सारं समोर उभं राहतं. अशा माणसाभोवती ‘पुढचं नाटक येतंय’ ही बोलवा कायमच असायची. त्यातलं बरंचसं बैठकीतच राहिलं असणार.

ही नाटकं अर्धवट का राहिली, याचं खापर लेखकाच्या लहरीपणावर फोडणं सोपं आहे. मला ते पटत नाही. तेव्हा नाटक मंडळीसाठी लिहिलं जाई. कुठला नट कुठली भूमिका करणार, पदं कोण म्हणणार, हे डोळ्यांपुढे ठेवून प्रवेश उतरत. आणि मंडळ्या तर फुटत होत्या. १९१३मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, १९१८मध्ये दीनानाथ मंगेशकरांनी चिंतामणरावांना आणि कृष्णराव कोल्हापुऱ्यांना बरोबर घेऊन ‘बलवंत’ ही मंडळी काढली. त्यात आजार. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३मध्ये. पुढे आपल्या पिंपरीतल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिनपाठोपाठ तेही तयार केलं. २०१६चं साहित्य संमेलन त्याच कारखान्याच्या मैदानावर भरलं होतं. मांडवात फिरताना मला वारंवार वाटत होतं, हे औषध पंचवीस वर्षं आधी हाती आलं असतं तर ‘राजसंन्यास’ पुरं झालं असतं.

‘राजसंन्यास’ अपुरं राहिल्याची किंमत गडकऱ्यांनी मृत्यूनंतरही मोजली. ३ जानेवारी २०१७ रोजी पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला, तो याच नाटकातल्या मजकुरावरून. कोणाला ते लेखन खटकलं तर त्यावर बोलावं, लिहावं, कठोरपणे लिहावं. पण लेखकाला जे पुरं करता आलं नाही, त्यातल्या पात्रांची वाक्यं सुटी काढून त्याच्यावर निकाल द्यायचा, हा न्याय मला मान्य नाही. न लिहिलेल्या प्रवेशांत तो ही पात्रं कुठे नेणार होता, हे आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही.

अर्ध्या नाटकांबद्दल मी इतक्या तळमळीने लिहितोय, कारण ती आपल्या पिंपरी-चिंचवड परिसरातही आहेत. भोसरी, आकुर्डी, चाकण, म्हाळुंगे, कुठल्याही कारखान्याच्या शॉपमध्ये जा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की सुपरवायझरची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवणारा एक जण असतोच. त्याच्याबद्दल शॉपमध्ये बोललं जातं, ‘नाटक लिहितोय तो.’ ते खरंही असतं. डबा खायच्या सुट्टीत, कंपनीच्या बसमध्ये, जुन्या डायरीत दोन प्रवेश उतरलेले असतात. पुढचं थांबतं. चौघांची तालीम जुळवायची तर एक जण फर्स्टला, दुसरा सेकंडला, तिसरा नाइटला. दर आठवड्याला पाळी बदलते. पूर्वी कायम नोकरीतली माणसं वर्षानुवर्षं एकाच खात्यात असत. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत कंपन्यांचे संघ उतरत ते त्या सलग सहवासाच्या बळावर. आता चाकणच्या कंत्राटी पोराला सहा-सात महिन्यांनी गेट बदलावं लागतं. त्याच्या नायकाचं काम करणारा मित्र तोवर रांजणगावला गेलेला असतो. गडकऱ्यांच्या वेळी मंडळ्या फुटायच्या, आमच्याकडे लाइन फुटते.

या मुलांच्या डायऱ्यांतला विनोद मी ऐकला आहे. टार्गेट, रिजेक्शन, ऑडिटच्या दिवशी रातोरात रंगवलेली फरशी, रूमवर सहा जणांत एक गॅस. हे मराठी नाटकात अजून नीट आलेलं नाही, आणि ज्याने ते भोगलंय त्याच्याच लेखणीतून ते येऊ शकतं.

जानेवारी २०२४मध्ये शंभरावं नाट्यसंमेलन आपल्या शहरात झालं. मोठा सोहळा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. आता त्याहून लहान, पण अधिक गरजेची गोष्ट करावी. संत तुकारामनगरात आचार्य अत्र्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. अत्रे गडकऱ्यांना गुरू मानत. अत्र्यांचं स्वतःचं आत्मचरित्र ‘कऱ्हेचे पाणी’ही पाच खंड लिहून संपलं नाही. त्या रंगमंचावर ‘वेड्यांचा बाजार’चं जाहीर वाचन व्हावं. गडकऱ्यांचं लेखन जिथे थांबलं तिथे वाचनही थांबावं, कोणी पुढचं जोडू नये. मध्यंतरानंतर मंच या शहरातल्या अर्ध्या नाटकांना द्यावा. दोन प्रवेश असतील तर दोन, एकच असेल तर एक. शेवट नसल्याची लाज कोणाला वाटू नये, आणि ऐकायला नाट्यसंस्थांची जाणती माणसं पहिल्या रांगेत असावीत, म्हणजे एखाद्याला नट मिळेल, एखाद्याला तालमीची जागा.

एवढी एकच विनंती: हा कार्यक्रम रविवारी ठेवू नका. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी असते.