रियाज हेच औषध नव्हे

अमेरिकेतील पियानोवादक लिऑन फ्लायशर १९६४ साली यशाच्या शिखरावर होते. चौथ्या वर्षी पियानोला हात लावलेल्या या मुलाने १९४४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत वाजवले. १९५२ मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. जॉर्ज सेल यांच्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रासोबत त्यांनी केलेली बीथोव्हन आणि ब्राम्स यांच्या कॉन्चर्टोंची ध्वनिमुद्रणे आजही आवडीने ऐकली जातात. सोव्हिएत संघाच्या दौऱ्याची तयारी सुरू असतानाच त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आपोआप तळहाताकडे वळू लागले.

यावर त्यांनी कोणताही कष्टाळू कलावंत करेल तेच केले, सराव वाढवला. बोटे आणखी वळू लागली. पुढची जवळपास तीस वर्षे ते डॉक्टर, औषधे, मालिश, शस्त्रक्रिया अशा नाना वाटा शोधत राहिले. त्या काळात आयुष्य संपवण्याचे विचारही मनात येऊन गेल्याचे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. हा आजार म्हणजे ‘फोकल डिस्टोनिया’, हे निदान कळायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

या आजाराचे मूळ बोटांत नसून मेंदूत आहे. मेंदूत प्रत्येक बोटाचा जणू स्वतंत्र नकाशा असतो. एक बोट हलवताना शेजारच्या बोटांना गप्प बसवण्याचे कामही मेंदू त्याच वेळी करतो. डिस्टोनियात हा लगाम सैल पडतो आणि शेजारच्या बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळतात. मग एका बोटाला दिलेला आदेश दुसऱ्यालाही पोहोचतो. हजारो वेळा केलेली तीच ती सूक्ष्म हालचाल या बिघाडाला हातभार लावते. म्हणूनच जास्त सराव इथे उपाय न ठरता चुकीचे वळण अधिक पक्के करतो.

त्यात दोन गोष्टी फसव्या. एक म्हणजे बहुधा वेदना नसतात. दुसरी म्हणजे तोच हात शर्टाची बटणे लावतो, घास उचलतो, दार उघडतो आणि वाद्यावर टेकला की मात्र बिघडतो. एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित येतात. मग ‘मनाचे खेळ आहेत’, ‘स्टेजची भीती असेल’ असे शेरे मिळतात. सतत लिहिणाऱ्यांना होणारा ‘रायटर्स क्रॅम्प’ हा याच आजाराचा भाऊबंद. व्यावसायिक वादकांपैकी साधारण शंभरात एकाला हा त्रास होत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यातले कितीतरी जण काम हातचे जाईल या धास्तीने गप्प राहतात.

आपल्याकडे हा विषय अधिकच नाजूक आहे. बोटे सोलवटेपर्यंत केलेल्या रियाजाच्या कथा कौतुकाने सांगितल्या जातात आणि हात अडखळला की ‘रियाज कमी पडतोय’ हे उत्तर तयार असते. रियाजाला पर्याय नाही, हे खरेच. पण शिस्त आणि हट्ट यांत फरक आहे. तबला, सतार, हार्मोनियम शिकवणाऱ्या गुरूंना हा फरक ओळखता यायला हवा, कारण शिष्याची बोटे रोज डॉक्टर पाहत नाहीत, गुरू पाहतात. पूर्वी सहज येणाऱ्या जागी बोट वळत, चिकटत किंवा मागे राहत असेल, तर तिथे थांबावे आणि मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. जाताना वाद्य, निदान वाजवतानाचा व्हिडिओ सोबत न्यावा, कारण हे निदान मुख्यतः वाजवणे पाहूनच होते. हात दुखणारा प्रत्येक जण डिस्टोनियाचा रुग्ण नसतो, बहुतेकांना अतिवापराचा त्रास असतो. पण विश्रांती आणि सल्ला त्यालाही लागतोच.

उपचार आहेत, मात्र पूर्ण बरे होण्याची हमी नाही. बोट्युलिनम टॉक्सिनच्या नेमक्या मात्रेतील इंजेक्शनने अति आखडणारा स्नायू सैल पडतो. परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागते. सोबत हालचाली नव्याने, संथपणे शिकाव्या लागतात. फ्लायशर यांना या इंजेक्शनांनी आणि खोल मालिशीने दोन्ही हातांनी वाजवता येऊ लागले. २००४ मध्ये त्यांचा ‘टू हँड्स’ हा अल्बम आला. तरीही आपण बरे झालो, असा दावा त्यांनी केला नाही.

मधली वर्षे त्यांनी वाया घालवली नाहीत. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत शिकवले, ऑर्केस्ट्राचे संचालन केले आणि केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइन यांच्यासाठी राव्हेलने रचलेला कॉन्चर्टो त्यांपैकीच एक. २०२० मध्ये, ९२ व्या वर्षी निधन होईपर्यंत संगीत त्यांच्यापासून सुटले नाही.

त्यांची गोष्ट सहसा जिद्दीचा विजय म्हणून सांगितली जाते. पण जिद्द त्यांच्याकडे १९६४ मध्येही होती, किंबहुना तिनेच घात केला. नव्हते ते निदान. त्या काळी डॉक्टरांनाही या आजाराची फारशी ओळख नव्हती. आज ती आहे. त्यामुळे एखाद्या होतकरू वादकाला ‘अजून दोन तास बस’ असे सांगण्याआधी त्याच्या बोटांकडे एकदा नीट पाहायला हवे.